कालचा बरोबर वाडगा आज चुकीचा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण ‘उलटापालट चाचणी’ची ओळख करून घेतली. दोन खुणांपैकी एकीखाली खाऊ ठेवायचा. कोणत्या खुणेखाली खाऊ असतो हे प्राणी पक्कं शिकला, की काही न कळवता अदलाबदल करायची : कालची बरोबर खूण आज रिकामी. मग तो जुनं सोडून नवं किती फेऱ्यांत धरतो आणि वाटेत कोणत्या चुका करतो, हे मोजायचं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या लॅब्राडोरवर घरीच करून पाहिलं. स्टीलचे दोन वाडगे, एकावर लाल कागद, दुसऱ्यावर हिरवा. लालखाली चिकनचा तुकडा. अर्ध्या तासात शिकला. दुसऱ्या दिवशी हिरव्याखाली ठेवला, तर पहिल्या फेरीपासून एकही चूक नाही! इतका हुशार कुत्रा असू शकतो का? (दादर)

कुत्रा हुशार असेलही, पण इथे काम केलंय नाकाने. अदलाबदलीनंतरच्या पहिल्या फेरीत खूण शिकलेल्या प्राण्याने चुकायलाच हवं, कारण नियम बदललाय हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. पहिल्याच फेरीत तो बरोबर आला तर तो नशिबाचा भाग म्हणता येईल. सगळ्याच फेऱ्या बरोबर आल्या, तर तो कागदाकडे बघतच नव्हता. शिवाय लाल-हिरवा फरक कुत्र्याला नीट दिसत नाही. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा मात्र त्याला छान वेगळे कळतात.

मांडणी अशी बदला. वाडगे स्टीलचे नकोत, ते चमकतात आणि वाजतात. एकाच दुकानातून, एकाच आकाराचे दोन प्लास्टिकचे वाडगे घ्या. दोन्हींत तळाशी उकडलेल्या चिकनचे दोन-तीन तुकडे ठेवा आणि त्यावर स्टीलची जाळी घट्ट बसवा, म्हणजे वास दोन्हीकडून येईल पण तुकडे तोंडाला लागणार नाहीत. शाकाहारी घरात पनीरने तेच काम होतं. तळाचे तुकडे रोज बदला, मुंबईच्या हवेत ते संध्याकाळपर्यंत आंबतात आणि मग एक वाडगा दुसऱ्यापेक्षा जास्त वास मारू लागतो. खायचा तुकडा जाळीच्या वर, फक्त बरोबर वाडग्यात ठेवायचा, तो वाटाण्याएवढा असावा. मोठा तुकडा दिला तर दहाव्या फेरीपर्यंत पोट भरतं. खाऊ म्हणून मनुका, चॉकलेट, कांदा घातलेलं काहीही देऊ नका, कुत्र्याला ते विषारी आहे.

झाकणं म्हणून पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी पुठ्ठे, लॅमिनेट केलेले. प्रत्येक रंगाचे चार-चार करा आणि फेरीगणिक बदला. एकच पिवळा पुठ्ठा सगळ्या फेऱ्यांना वापरला, तर त्यावरची लाळ आणि चघळलेला कोपरा हीच कुत्र्याची खूण होते आणि तुम्ही मात्र रंगाचा निकाल लिहीत बसता.

हॉलमध्ये वाडगे एकमेकांपासून मीटरभर आणि कुत्रा त्यांच्यापासून दोन मीटरवर, खडूच्या रेघेमागे. एकाने कुत्र्याला धरायचं, दुसऱ्याने पडद्याआड वाडगे भरायचे. भरताना दोन्ही वाडग्यांना हात लावायचा, दर वेळी त्याच क्रमाने आणि तितकाच वेळ. धरणाऱ्याला बरोबर बाजू माहीत नसावी. बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ नावाच्या घोड्याची गणितं 1904 साली ऑस्कर फुंग्स्ट याने तपासली, तेव्हा घोडा प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेच्या न कळत होणाऱ्या हालचालीवरून उत्तर देतो असं दिसलं. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की घोडाही अडायचा. तुमचा कुत्रा तर रात्रंदिवस तुमचं तोंड वाचत असतो.

नाक किंवा पंजा ज्या झाकणाला आधी लागेल ती निवड. निवड झाली की दुसरा वाडगा लगेच उचला. चुकला तर ओरडायचं नाही, चुचकारायचंही नाही. पंधरा-वीस सेकंद थांबून पुढची फेरी. दिवसातून दोन वेळा, दहा-दहा फेऱ्या पुरतात. जेवणानंतर दोन-तीन तासांनी बसवा, उपाशी ठेवायची गरज नाही.

बरोबर वाडग्याची बाजू आधीच कागदावर ठरवून ठेवा, मनाला येईल तशी बदलू नका. माणूस मनाने बदलतो तेव्हा नकळत आलटून-पालटून ठेवतो. नमुना घ्या : डा, उ, उ, डा, उ, डा, डा, डा, उ, उ. यात डावी-उजवी पाच-पाच आहेत आणि एकच बाजू सलग तीनपेक्षा जास्त वेळा येत नाही. फक्त डावीकडे जाणाऱ्या कुत्र्याला यात पाचच गुण मिळतात, आलटून-पालटून जाणाऱ्याला चार किंवा सहा. म्हणजे खूण न बघता कुणी वर चढू शकत नाही. अशा आठ-दहा ओळी लागतील. याच नियमाने करा, नाहीतर तीच ओळ पाठ होईल.

शेवटी वासाची परीक्षा. दोन्हींवर एकसारखी करडी झाकणं, खाऊ एकातच, दहा फेऱ्या. नऊ-दहा बरोबर आले तर अजून वास गळतोय, जाळीखालचे तुकडे वाढवा. चार-सहा आले तर मांडणी ठीक, आता खरी चाचणी सुरू करा. गणपतीत किंवा दिवाळीत मात्र करू नका. खाली ढोल नाहीतर फटाके वाजत असताना मिळालेला आकडा कुत्र्याच्या शिकण्याबद्दल काहीच सांगत नाही.

प्रश्न : ‘शिकला’ असं कधी म्हणायचं? कुणी दहापैकी आठ म्हणतं, कुणी सलग सहा. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी कोणता निकष घ्यावा? (विलेपार्ले)

हिशेब करून ठरवा. नुसत्या नाणेफेकीनेही दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 1024 मध्ये 56, म्हणजे साडेपाच टक्के. नऊ किंवा जास्तची सुमारे एक टक्का. वीसपैकी अठरा किंवा जास्तची शंभरात 0.02, जवळजवळ नाहीच.

सलग सहाचा निकष वरून कडक वाटतो, कारण ठरावीक सहा फेऱ्या सलग बरोबर येण्याची शक्यता 64 मध्ये एक. पण प्राणी चाळीस फेऱ्या खेळतो आणि त्यात कुठेही सलग सहा चालतात. तेव्हा काहीही न शिकलेल्या प्राण्यालाही चाळीस फेऱ्यांत ते साधण्याची शक्यता साधारण चारात एक होते. फेऱ्या थोड्या असतील तिथेच सलग सहा वापरा. कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला आमची पसंती लागोपाठच्या दोन सत्रांत दहापैकी आठ-आठ. दोन्ही सत्रं नशिबाने साधण्याची शक्यता हजारात तीन. शिवाय दोन वेगळ्या सत्रांत टिकलेलं शिकणं पहिल्या सकाळच्या उत्साहापेक्षा भरवशाचं.

निकष आधी लिहून सही करून ठेवा. आकडे पाहून निकष सैल करण्याचा मोह सगळ्यांना होतो. आणि अर्ध्या प्राण्यांना सुरुवात निळ्याने द्या, अर्ध्यांना पिवळ्याने, नाहीतर एखाद्या रंगाची मुळातली आवड शिकण्याच्या नावावर खपते.

प्रश्न : उंदरांवर (पांढरे रॅट) काम करते. भुशाने भरलेले दोन वाडगे, एकाला जिऱ्याचा वास, दुसऱ्याला दालचिनीचा, एकात खाऊ पुरलेला. पहिला टप्पा एका दिवसात जमला. अदलाबदलीनंतर पहिल्या दहा फेऱ्यांत 1, पुढच्या दहांत 2 बरोबर, आणि मग गेल्या साठ फेऱ्या सगळं 4 ते 6 वर अडकलंय. उंदीर शिकत का नाहीत? (परळ, पदव्युत्तर विद्यार्थिनी)

तुमचे 1 आणि 2 हे आकडे चांगली बातमी आहेत. जिथे खूण खरोखर शिकली गेली तिथेच अदलाबदलीनंतर गुण निम्म्याच्याही खाली कोसळतात. पण अडकलेल्या 4 ते 6 चा अर्थ वेगळा. उंदरांनी जुना वास सोडलाय, नवा अजून धरलेला नाही. मधल्या काळात ते काय करताहेत हे बरोबर-चूकच्या रकान्यात दिसणार नाही, बाजूचा रकाना काढा. दहापैकी आठ-नऊ वेळा एकाच बाजूला जात असतील तर त्यांनी बाजूची सवय लावून घेतली आहे. उंदराच्या दृष्टीने ती वाईटही नाही. काही न शोधता निम्म्या वेळा खाऊ मिळतोच.

ही सवय मोडायला चूक महाग करा. दोन फेऱ्यांमध्ये पाच सेकंद ठेवत असाल तर चुकीनंतर तीस करा. चुकल्यावर तीच फेरी, त्याच बाजूने, पुन्हा द्या, फार तर तीनदा. या दुरुस्तीच्या फेऱ्या वेगळ्या लिहा, गुणांत धरू नका. त्या धरल्या तर गुण फुगतात आणि अदलाबदलीची वक्ररेषा खोटी होते.

बाजूची सवय नसेल तर वाडग्यांकडे बघा. खणताना दालचिनीचा भुसा उडून जिऱ्याच्या वाडग्यात पडतो. तिसाव्या फेरीपर्यंत दोन्हींचा वास जवळपास एक झालेला असतो आणि प्रश्न सुटण्याजोगाच राहत नाही. मध्ये उंच फळी घाला. प्रत्येक वासाला वेगळा चमचा आणि वेगळा झाकणबंद डबा ठेवा आणि दर दहा फेऱ्यांनी भुसा नवा घ्या. पावसाळ्यात भुसा ओल धरतो, मग मसाल्याची पूड वास सोडत नाही आणि बुरशीचा वास सगळ्यांवर चढतो. वापरण्याआधी भुसा ओव्हनमध्ये वाळवून गार करून घ्यावा.

खाऊचा वास लपवायला त्याच खाऊची बारीक पूड दोन्ही वाडग्यांतल्या भुशात मिसळा. तरी खात्री नसेल तर अधूनमधून एखाद्या फेरीत खाऊ पुरूच नका. बरोबर वाडग्यात खणायला लागल्यावर वरून टाका. त्या फेऱ्यांतही गुण तेच राहिले तर नाक खाऊवर नाही, खुणेवर आहे. आणि ‘खणलं’ कशाला म्हणायचं ते ठरवा : पंजाने किंवा नाकाने भुसा हलला पाहिजे. नुसतं वरून हुंगणं ही निवड नव्हे, ते माहिती घेणं आहे. हुंगण्याला निवड मोजणाऱ्या प्रयोगशाळेत सगळे उंदीर मठ्ठ ठरतात.

वाडग्यांची ही पद्धत बिरेल आणि ब्राउन यांनी 2000 साली उंदरांसाठी बसवली. त्यात प्रत्येक टप्प्याच्या पहिल्या चार फेऱ्यांत चुकलेल्या उंदराला दुसरा वाडगाही खणू देतात, म्हणजे खाऊ आता कुठे आहे हे त्याला एकदा तरी कळतं. तुमच्या टिपणात हा भाग दिसत नाही, तो घालून बघा. वजन मोकळ्या आहारावरच्या वजनाच्या 85 टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. फार भुकेला उंदीर विचार न करता समोर येईल तो वाडगा खणतो.

लिहिताना एकूण चुकांची बेरीज देऊन थांबू नका. दहा-दहा फेऱ्यांचे गट पाडा. 0 ते 2 बरोबर असलेल्या गटांतल्या चुका जुन्याला चिकटून राहण्याच्या, 3 ते 7 मधल्या चुका नवं शिकतानाच्या. एका गटातल्या उंदरांच्या तीस चुका पहिल्याच पायरीवर झाल्या आणि दुसऱ्या गटाच्या तीस मधल्या पायरीवर, तर बेरीज सारखी पण बिघाड वेगळा. मेंदूच्या पुढच्या भागातलं सेरोटोनिन (पेशींमधलं एक संदेशवाहक रसायन) कमी केलेल्या मार्मोसेट माकडांत 2004 साली नेमक्या पहिल्या प्रकारच्या चुका वाढलेल्या दिसल्या. नुसत्या बेरजेतून ते कळलं नसतं.

एक गंमत. पहिला टप्पा जमल्यावरही आणखी शंभर-दीडशे फेऱ्या घोटून घेतलेले उंदीर कधी कधी अदलाबदल *लवकर* शिकतात. रीड यांनी 1953 मध्ये हे दाखवलं. सगळ्यांना ते पुन्हा मिळालेलं नाही, पण एवढं नक्की की पहिल्या टप्प्याच्या फेऱ्या सगळ्या उंदरांना सारख्या नसतील तर दुसऱ्या टप्प्याची तुलना करू नये.

प्रश्न : नवं शिकताना जुनं पुसलं जातं का? मेंदूत नेमकं काय होतं? (मुलुंड)

पुसलं जात नाही, दबतं. चार-सहा दिवस खंड पडला की जुनी निवड डोकं वर काढते. खरोखर पुसलं गेलं असतं तर ती आली कुठून?

आधी साधा हिशेब. 1972 च्या रेस्कोर्ला-वॅगनर नियमानुसार दर फेरीला अपेक्षा बदलते ती मिळालेलं आणि अपेक्षिलेलं यांच्या फरकाच्या काही हिश्शाने. खाऊ मिळाला तर 1, वाडगा रिकामा निघाला तर 0, सुरुवातीची अपेक्षा 0 आणि हिस्सा 0.2 धरू. दहा वेळा खाऊ मिळाल्यावर निळ्याबद्दलची अपेक्षा 0.89 होते. अदलाबदल झाली की प्रत्येक रिकाम्या वाडग्यागणिक ती 0.71, 0.57, 0.46, 0.37 अशी उतरते. पिवळ्याची मात्र शून्यावरच बसलेली असते, कारण तो कुणी उघडूनच पाहिलेला नाही. म्हणून सुरुवातीला चुकांची रांग लागते. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात पेटतात आणि अपेक्षित खाऊ चुकला की मंदावतात, हे शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांच्या 1997 च्या निबंधाने ठळकपणे मांडलं.

पण हा हिशेब एके ठिकाणी तोकडा पडतो. त्याच दोन खुणा पुनःपुन्हा उलटवत राहिलं तर उंदीर, माकडं, कबुतरं दर वेळी लवकर शिकतात. शेवटी शेवटी एका चुकीवर काम भागतं. म्हणजे ‘इथे नियम उलटतात’ हेही ती शिकतात. बिटरमन यांनी 1965 मध्ये लिहिलं की माशांना हे जमत नाही. पुढे मांडणी बदलल्यावर माशांनीही सुधारणा दाखवली. प्राण्याला जमलं नाही असं लिहिण्याआधी आपल्याला विचारता आलं का, हे बघावं.

मेंदूत डोळ्यांच्या खोबण्यांच्या वरचा पुढचा भाग यात महत्त्वाचा. डायस, रॉबिन्स आणि रॉबर्ट्स यांनी 1996 मध्ये मार्मोसेटमध्ये तो भाग निकामी केला, तेव्हा पहिला टप्पा ठीक राहिला आणि उलटापालट बिघडली. मॅकाक माकडांत चित्र गुंतागुंतीचं आहे. जुन्या शस्त्रक्रियांत तो भाग शोषून काढताना त्यातून जाणारे तंतूही तुटत. 2013 मध्ये रुडबेक आणि सहकाऱ्यांनी तंतू वाचवून फक्त पेशी निकामी केल्या, तर मॅकाकना उलटापालट जमली. पाठ्यपुस्तकात ‘उलटापालटीचं केंद्र’ असं वाचलंत तर ते वाक्य पेन्सिलने खोडा.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग करून घ्यायचा आहे. ससा, पोपट की मासा? (ठाणे)

तिन्ही नकोत. देशी पोपट पाळणंच 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे नियम आणि संस्थेच्या आचार समितीची परवानगी लागते. शाळेने त्यात पडू नये.

माणूसही प्राणीच आहे, वर्गमित्रांवर करा. दोन पत्ते घ्या, एकावर त्रिकोण, एकावर वर्तुळ. दर फेरीला समोरच्याने एक उचलायचा, मुलाने आधी लिहिलेल्या यादीतून ‘गुण’ किंवा ‘शून्य’ सांगायचं. यादीत दर दहांच्या गटात त्रिकोणाला आठदा गुण, वर्तुळाला दोनदा. शेवटच्या दहांपैकी आठ वेळा त्रिकोण उचलला गेला की काही न बोलता याद्या बदलायच्या. साठ फेऱ्या पुरतात, दहा मिनिटांत होतात. आठ-दोन असं ठेवायचं कारण असं, की दर वेळी हमखास गुण मिळाला तर माणूस एकाच चुकीत ओळखतो आणि आलेख काढायला काही उरत नाही. तक्त्यावर दोन गोष्टी मोजा : गुण मिळाल्यावर तोच पत्ता किती वेळा उचलला, आणि शून्य मिळाल्यावर किती वेळा बदलला. एकेका शून्यावर उडी मारणारे आणि पाच शून्यं खाऊनही न हलणारे, दोन्ही वर्गात सापडतील. सांगणाऱ्याचा चेहरा पुठ्ठ्याआड ठेवा, हान्सचा घोळ इथेही होतो.

प्राणीच हवा असेल तर मधमाशी, पण मधपाळाच्या देखरेखीखाली आणि मोठ्यांच्या हाताने. पिवळा आणि निळा कागद, एकावर साखरेचं पाणी (100 मिलीलीटर पाण्यात 50 ग्रॅम साखर), दुसऱ्यावर साधं पाणी. लाल घेऊ नका, मधमाशीला तो रंग म्हणून दिसत नाही. प्रत्येक भेटीनंतर कागद बदला, कारण मधमाश्या बसलेल्या जागी गंध सोडून जातात आणि पुढची माशी रंगाऐवजी त्या गंधावर येते. एका वेळी एकच, रंगाचा ठिपका दिलेली माशी मोजा. फळमाश्यांच्या गंध-शिक्षणावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांच्या गटाने मोठं काम केलं, पण त्याला लागणारी उपकरणं शाळेत बसवणं अवघड.

प्रश्न : आमचा कुत्रा अकरा वर्षांचा आहे. पहिला टप्पा तीन दिवसांत शिकला, अदलाबदल दोन आठवडे झाले तरी नाही. म्हातारपण की आजार? (बोरिवली)

वयाने असं होतं. टोरंटोच्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांवर केलेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हाताऱ्या कुत्र्यांना उलटापालट तरुणांपेक्षा जड गेली. पण आधी एक तपासा : जुना नियम परत लावून दहा फेऱ्या घ्या. तो लगेच आठ-नऊवर आला तर डोळे आणि भूक ठीक आहेत, अडचण जुनं सोडण्यात आहे. तिथेही पाचावर घुटमळला तर चाचणी थांबवा आणि पशुवैद्याकडून मोतीबिंदू, दात आणि कान तपासून घ्या. दुखऱ्या दाताचा कुत्रा खाऊसाठी धडपडत नाही, आणि आपण त्याला विसराळू म्हणतो. अडचण सोडण्यातच असेल तर सत्र पाच फेऱ्यांचं करा आणि पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त नवा बरोबर वाडगाच समोर ठेवा. या दोन फेऱ्या गुणांत धरायच्या नाहीत.